बॉटनीच्या ताई

बॉटनीच्या ताईंनी तीन वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही. त्या कुणालाच मारत नसत. पहिल्या प्रॅक्टिकलला पोरीचं गाव विचारायचं आणि तेच तिचं नाव करून टाकायचं, ही त्यांची रीत. "ए मुकुटबन, पानी आन." "झरी, टेबल पूस वं." कॉलेज यवतमाळातलं, पण तिथल्या पोरींनाही सूट नव्हती. एक बिचारी तीन वर्षं 'आर्णी रोड' होती. कॉलेजच्या कागदोपत्री ताई प्रयोगशाळा परिचर होत्या, म्हणजे काचसामान धुणाऱ्या, स्लाइड पुसणाऱ्या.

मला विचारलं तेव्हा मी "उमरखेड" म्हणून मोकळी झाले.

"उमरखेड त मोठं हाये. बसस्टँडवर राह्यते का तू?"

पोरी हसल्या. मी खाली बघत म्हटलं, "तांड्यावर. उमरखेडच्या पुढं."

"मंग तसं सांग ना. तांड्यावरची कोनी आली नोती आजवर या लॅबात."

त्या दिवसापासून मी 'तांडा' झाले. सुरुवातीला कानशिलं तापायची. जी बंजारा वस्ती लपवायला मी शहराचं नाव पुढं केलं होतं, तिचंच नाव ताई सगळ्यांसमोर मोठ्यानं ओरडत. पण त्यांच्या तोंडी 'तांडा' आणि 'आर्णी रोड' यांत तसूभर फरक नसे, हे हळूहळू ध्यानात आलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बा चौथीपर्यंत शिकलेला, याडी, म्हणजे माझी आई, शाळेतच गेली नव्हती. त्यामुळं कुणाला काय विचारावं हेही कळत नसे. सरांनी जर्नल आणायला सांगितलं, तर मी साधी दोनशे पानी वही घेऊन गेले. सरांनी सगळ्यांदेखत परत पाठवलं. ताई पाठोपाठ बाहेर आल्या आणि एक जुनं जर्नल माझ्या हातात दिलं. "हे झरीचं हाये. पाहून घे कसं असते ते. ते बी वहीच घेऊन आलती पयल्या दिवशी." झरी म्हणजे झरी जामणीकडची कोलाम आदिवासी मुलगी, शेवटच्या वर्षाला होती आणि वर्गात पहिली यायची. दुपारी ताईंनी मला तिच्या शेजारी डबा खायला बसवलं. पुढं रोज तिथंच बसू लागले.

ताईंचं शिक्षण दहावी. पण ब्लेडनं देठाची चकती अशी पातळ कापत, की सरही बघत राहत. माझी पहिली चकती त्यांनी उजेडात धरली, मग माझा हात हातात घेतला. कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेली ती बोटं मी नेहमी ओढणीखाली ठेवायचे. "येचणीचा हात हाये हा," त्या म्हणाल्या. "हलत नाही." एवढंच. पण त्या दिवशी बोटं टेबलावरच राहिली.

तरी दिवाळीनंतरच्या परीक्षेत मी दोन विषयांत नापास झाले. पुस्तकातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. मी बाला फोन केला, "मला घेऊन जा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो आला आणि कॉलेजच्या फाटकाबाहेरच उभा राहिला. आत यायची परवानगी लागते असं त्याला वाटलं. मी होस्टेलवर सामान बांधत होते, मला पत्ता नाही. ताईंनी त्याला पाहिलं.

"कोनाचे बाप तुम्ही?"

बानं तांड्याचं नाव सांगितलं. ताई त्याला थेट लॅबात घेऊन आल्या आणि मला बोलावणं धाडलं. मी पोचले तेव्हा बा सूक्ष्मदर्शकावर वाकलेला होता. खाली कपाशीच्या पानाचा पापुद्रा होता, मीच आदल्या आठवड्यात काढलेला. तो बराच वेळ डोळा हलवेना.

"हे आपल्या पराटीचं पान?" त्यानं विचारलं.

"हो. तुमच्याच पोरीनं लावलं," ताई म्हणाल्या. "जाऊन राह्यली म्हन्ते. न्या. पन दोन विषयांसाठी नेऊन राह्यले, हे मालूम असू द्या. बाकीच्यात पास हाये ते."

परतीच्या एसटीत बा एकटाच चढला. खिडकीतून आमच्या गोरबोलीत एवढंच म्हणाला, की मला त्यातलं काही समजत नाही, पण तुला समजेल.

त्या दोन विषयांसाठी झरीनं माझ्यासोबत उन्हाळाभर डोकं फोडलं. दोन्ही विषय सुटले.

मी एम.एस्सी.ला असताना ताई निवृत्त झाल्या, आणि दीड वर्षात मूत्रपिंडाच्या आजारानं खंगल्या. सरकारी दवाखान्यात भेटायला गेले, तर उशाशी इंग्रजी रिपोर्टांची चळत. मी ओळ न् ओळ वाचून मराठीत सांगितली. वाईट होतं तेही सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "बरं झालं तू आली," म्हणाल्या. "डॉक्टर बोलते, पन थांबत नाही."

फाल्गुनात त्या गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात बायका बसल्या होत्या. त्यांच्या लेकीनं मला पाणी दिलं आणि कोण म्हणून विचारलं.

"विद्यार्थिनी. ताईंची."

ती गोंधळली. "आई शिकवत नोती जी. ते शिपाई होती तिथं."

तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाईनं मान वर केली. मांडीवर लेकरू घेतलेली ती झरी होती, मी ओळखलंच नव्हतं. "मीबी," ती म्हणाली, आणि सरकून मला सतरंजीवर जागा करून दिली.