मॅटवरची माती

बायको गेल्यापासून मी कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरत होतो. शेवटी लेक म्हणाली, "आबा, लोकांवर वरडण्यापरीस पोरींना कबड्डी शिकवा की. क्लबला कोच पायजे हाय. पगार बी देत्यात."

मी गिरणीच्या संघातून खेळलेला. शाळा चौथीपर्यंत. क्लबच्या मॅडम म्हणाल्या, "काका, एक दिवस शिकवून दाखवा, मग ठरवू." मला ते काम हवं होतं. लेक कामावर गेली की रिकामं घर दिवसभर अंगावर यायचं.

तयारीला लागलो. बैठका मारल्या, गुडघे बोंबलले. शिट्टी आणली. तोंडातल्या शिव्या जाव्यात म्हणून लेकीपुढं 'शाब्बास' म्हणून बघायचो. ती म्हणायची, "शाब्बास म्हणताय का दम देताय?"

आमच्या वेळची रीत, चढाईआधी तळहाताला माती चोळायची. घामेजलेली पकड मग सुटत नाही. जुन्या मैदानावर जाऊन बारीक माती चाळून घेतली आणि बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून नेली.

क्लबात खाली निळं मॅट. पोरी बूट घालून उभ्या, मी अनवाणी. एकेकीच्या हातावर माती ठेवत म्हणालो, "चोळा. लाजू नका." हसत हसत चोळताना निम्मी माती खाली सांडली. पहिलीच पोरगी चढाईला धावली आणि सर्रकन घसरून गुडघ्यावर आदळली.

माझ्या तोंडातनं शाब्बास कुठलं निघतंय. "डोळं फुटल्यात का गं तुझं?"

ती गुडघा धरून म्हणाली, "आजोबा, माती तुमीच टाकली की."

मातीच्या मैदानात माती धरून ठेवते, मॅटवर तीच पाय पळवते. एवढं साधं मला कळलं नव्हतं, आणि निघालो होतो शिकवायला. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमची ही जन्मभर दारातनं सांगायची, "आवं, पाय भाईर झाडून या. फरशीवरनं सटकायला होतंय." मी कधी झाडले नाहीत. ती पुसत राहिली.

फडकं ओलं करून गुडघ्यावर बसलो आणि मॅट पुसायला लागलो.

मॅडम पुढं आल्या. "राहू द्या काका, सफाईच्या मावशी पुसतील."

"न्हाय. माझी घाण हाय."

पोरीचा गुडघा सुजला होता. तिनं स्वतःच बर्फ लावला. मला तिच्याकडं बघवेना.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून या. पण आधी बाजूला बसून मॅटवरचा खेळ बघा. शिकवायचं नंतर. आणि बूट आणा."

मान खाली घालूनच व्हय म्हणालो.

घरी दाराबाहेर पाय झाडले. आत जायचा धीर होईना, पायरीवरच बसलो. लेक वाट बघत होती. आतनं म्हणाली, "काय झालं आबा? मिळालं का काम?"

"बूट घ्यायचेत," म्हटलं. "आणि त्या पोरीची माफी मागायची ऱ्हायलीय."