आयचा मुक्काम

मी फौजेत निघालो तेव्हा आमची मेंढरं कृष्णाकाठी होती. घर जत तालुक्यात, पण दिवाळी झाली की त्याला कुलूप घालून आम्ही कळपासोबत नदीकडं उतरायचो. आज या रानात, उद्या त्या. त्यामुळं मला निरोपही मिळाला तो परक्याच्या बांधावर. आबा सांगलीच्या स्टँडपर्यंत आले. आय मेंढरं सोडून येऊ शकली नाही. नववीत शाळा सोडलेल्या पोराला पलटणीत घेतात याचं तिला नवल होतं, आणि धास्तीही. एवढंच म्हणाली, "सुट्टीला आलास की वाटंवरच्या कुणाबी मेंढक्याला इचार. घावतुया आमी."

तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच उजाडलं होतं. मी पलटणीत ड्रायव्हर झालो. नेमणूक गोरखा पलटणीसोबत, म्हणून बरोबरचे बरेच जण नेपाळी. त्यातल्या एका गुरुंग दोस्तानं सुट्टीत मला नेपाळात, पोखऱ्यावरच्या डोंगरात आपल्या घरी नेलं. तिथंही मेंढरं. तो वास आला आणि मी रस्त्यातच डोळे पुसत बसलो. त्या दोस्ताची बहीण माया, ती माझी बायको.

लग्न तिकडंच झालं. पुढच्या सुट्टीत तिला घेऊन आलो, तर दाराला कुलूप. मेंढक्यांना विचारत विचारत आष्ट्याच्या पुढं गेलो. आयनं हिला नाही म्हटलं तर?

आबांनी लांबूनच ओळखलं. "लेका, लढाईला गेलतास का बायकू आणाय?"

आय उठली, मापट्यात जोंधळं भरलं. पण माप ओलांडायला उंबरा कुठला? मेंढरांभोवती जाळी लावतात, ती वाघर. तिच्या तोंडाशी आयनं माप ठेवलं आणि मायाला पायानं खूण करून दाखवली. जोंधळं सांडलं तशी मेंढरं धावली. माया मापाबिपाचं विसरली, एक लंगडं कोकरू तुडवलं जाईल म्हणून तिनं ते उचलून छातीशी धरलं.

"आवं, हिला मेंढरातलं कळतंय," आय आबांना म्हणाली.

"पर आपली बोली न्हाई येत तिला."

"न्हाई तर न्हाई. मेंढरं तरी कुठं बोलत्यात?"

ती सुट्टी दोघींनी खुणांवर काढली. निघताना आयनं मायाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी आयला बघितलं ते तेवढंच शेवटचं.

आय गेल्याची तार पलटणीत आली तेव्हा मी बर्फातल्या चौकीवर होतो. रस्ता खुला व्हायला काही महिने गेले; मी खाली उतरलो, तोवर कळप पुढं सरकला होता. आय वाटेतच गेली, वाळव्याकडच्या एका रानात. मालकानं बांधालगत माती द्यायला जागा दिली. परक्याला कोण देतं हो? त्याचे उपकार मी विसरत नाही.

मी मायाला घेऊन पोचलो तर तिथं ऊस उभा. बांध नांगरटीत गेलेला. आबा या सरीत शिरत, त्या सरीतून बाहेर येत. शेवटी म्हणाले, "हितंच हाय बाबा कुठंतरी."

कुठं वाकायचं, मायानं मला विचारलं. मी आबांकडं बघितलं. मग तिनं शाल अंथरली आणि सगळ्या रानाकडं तोंड करून डोकं टेकलं. मी तेवढंही केलं नाही. नुसता उभा राहिलो.

पेन्शनीनंतर पोखऱ्यात राहिलो. मायाची माणसं, माझं छोटं गॅरेज, दोन पोरं. देवानं भरपूर दिलं. गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, घराला परत कधी येणार? जतच्या घराची मला ओढ नाही. ते तेव्हाही कुलपातच असायचं. माझं घर म्हणाल तर ते रान, आणि ते दुसऱ्याच्या नावावर आहे.

आबा थकलेत, तरी कळपाबरोबर उतरतात. त्या बाजूला गेले की मी फोनवर एकच गोष्ट विचारतो.

"आबा, त्या रानात औंदा काय हाय?"

"हळद. लय झाक आलीया."

मी मायाला नेपाळीत सांगतो, बेसार. ती पोरांना सांगते, यंदा आजीकडं बेसार आहे.