घरच्यांच्या खोलीत तीन रविवार

"तुमच्या लिव्हरला सूज आली आहे, आणि ती दारूने आली आहे," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. नवऱ्याला त्यांनी आधीच बाहेर बसवलं होतं. आजाराचं नाव अल्कोहोलिक हेपॅटायटिस. त्याआधीचे चार दिवस मला सगळं विचारून झालं होतं: उपास करता का, झाडपाल्याचं औषध घेतलं का, पाणी कुठलं पिता. दारूचं कुणी विचारलं नाही. विचारलं ते नवऱ्याला, "तुम्ही किती घेता?"

मी चव्वेचाळीस वर्षांची. बोरगाव मेघेला राहते, सरकारी कचेरीत क्लार्क आहे. गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर माझी झोप उडाली होती. नवरा रोज घेणारा. "औषधावानी दोन घोट घे, झोप लागन," म्हणून पहिला ग्लास त्यानेच हातात दिला. आमचा जिल्हा दारूबंदीचा. दुकान एकही नाही, माल घरपोच येतो. सहा वर्षांनी मी ऑफिसला निघण्याआधी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या घेत होते. तेव्हा मला बेवडी म्हणणारा पहिला माणूसही तोच.

दवाखान्यात अकरा दिवस काढले. सुरुवातीला हात इतके थरथरायचे की चहा अंगावर सांडायचा. भिंतीवर मुंग्या दिसायच्या, आणि नर्सला त्या दिसायच्या नाहीत. याला विथड्रॉवल म्हणतात. दारू अचानक तुटली की शरीर असं बंड करतं. म्हणून रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडू नये, डॉक्टरांना सांगून सोडावी. सासूबाईंनी भेटायला येणाऱ्यांना कावीळ सांगितली. डोळे पिवळे होतेच, त्यामुळे कुणी जास्त खोलात गेलं नाही.

सुटी देताना मॅडम म्हणाल्या, "गोळ्यांनी लिव्हर सुधारेल. पिणं गोळ्यांनी थांबत नाही. दारू सोडलेल्या माणसांमध्ये जाऊन बसा. पुन्हा प्यालात तर पुढच्या वेळी मी काही करू शकेन असं नाही."

दवाखान्यातून अशा लोकांच्या बैठकीचा पत्ता मिळाला; तिथे गेले तर कोचिंग क्लास. शेजाऱ्यांनी तक्रार केली, म्हणून मालकाने बैठकवाल्यांची खोली काढून घेतली होती. "दारूबंदीच्या जिल्ह्यात बेवडे आले कुठून, मॅडम?" क्लासवाले सर हसले. दुसरी बैठक हिंगणघाटला होती, रविवारी दुपारी.

तिथे दारात वासुदेवभाऊ उभे होते. कापसाच्या जिनिंगमधले जुने फिटर, दारू सोडून पंधरा वर्षं झालेले. "या ताई, पिणाऱ्यांच्या घरच्यांची बैठक या खोलीत हाये," असं म्हणून त्यांनी डावीकडे हात केला. तिथेच सांगायला हवं होतं. मी डावीकडे गेले.

आत पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायका होत्या, सहाजणी. माझ्या शेजारी शोभाताई. "लेकीच्या साक्षगंधात पिऊन आला. पाहुणे ताटावरून उठले. त्या माणसासाठी म्या काय नाई केलं?" असं म्हणत त्या रडल्या. माझी पाळी आली तेव्हा मी नवऱ्याचं पिणं सांगितलं. ते खरंच होतं, म्हणून जीभ अडखळली नाही. असे तीन रविवार गेले. शोभाताई माझ्यासाठी जागा धरून ठेवू लागल्या. तिसऱ्या रविवारनंतरच्या बुधवारी मी पुन्हा प्याले.

चौथ्या रविवारी पाळी यायची वाट न बघता बोलले. "घरची म्हणून नाई आली मी. दारू मीच पिते. बुधवारी बी प्याली."

शोभाताईंनी आमच्या मधली पर्स उचलून पलीकडे ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे तीन हप्ते तू आमचं ऐकून राह्यली होती?" त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. राग मात्र येतो.

मी उठून पलीकडे पिणाऱ्यांच्या खोलीत गेले. तिथे नऊ पुरुष होते. एकजण पुटपुटला, "बाईमाणसासमोर कसं बोलाव?"

वासुदेवभाऊ म्हणाले, "जसं बोलत होता तसंच. तिचं लिव्हर काय वेगळं हाये काय?" मग माझ्याकडे वळून, "चुकलं माझं, ताई. कोणासाठी आल्या, हे म्या विचारलंच नाई."

या सगळ्या आजारपणात माझी माफी मागणारा हा एकच माणूस.

आता शेवटचा ग्लास घेऊन आठ महिने झाले. एलएफटी, म्हणजे लिव्हरचं काम दाखवणारी रक्ततपासणी, जवळपास नीट आली आहे. नवरा अजूनही घरात बसून घेतो आणि ग्लास मागतो. मी उठत नाही. बैठकीत गेल्यावर सगळं गोड होतं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. तिथले दोघे या काळात पुन्हा प्यायला लागले, एक वारला. पण माझ्यासारखी कुणी बाई हे वाचत असेल तर तिने जावं, आणि दारातच सांगावं.

गेल्या महिन्यात नागपूरला शिकणारी माझी मुलगी आली होती. कपड्यांच्या घड्या घालताना तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मले माहीत होतं, आई. आठवीपासून. माह्या डब्यातल्या भाजीत कधी मीठच नसे, कधी दोनदा."

"मग बोलली काऊन नाई?"

"कोणाले सांगू? बाबाले?"

त्या रविवारी ती माझ्यासोबत आली आणि घरच्यांच्या बैठकीत बसली. तिथे काय बोलली ते मी विचारलं नाही. परतताना बसमध्ये तिने खिडकीची जागा मला दिली.