धुरपदाबाईचं नवं नाक

दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर धुरपदाबाईच्या नादाला कोणी लागत नसे. पथारी म्हणजे गावाबाहेरचं उघडं रान. तिथे ओल्या लाल मिरच्या उन्हात पसरायच्या, खालीवर करायच्या आणि वाळल्या की बसून देठ खुडायचे. डोक्यावर ऊन, खाली मिरची आणि मधे बाया. मुकादमाने पाणी भरायला उशीर केला, एखाद्या पोरीला उगाच टाकून बोलला, की धुरपदाबाई कमरेला पदर खोचून उभी राहायची. ती उभी राहिली की मुकादमाला लगेच दुसरीकडचं काम आठवायचं. नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हती ती. आणि नेमकी त्याच नाकावर, चमकीच्या भोकाशेजारी, एक पुटकुळी आली.

आता मिरचीत बसणाऱ्या बाईच्या अंगाला काय कमी जळजळतं? बोटं जळतात, डोळे जळतात, चुकून ओठाला हात लागला तर जेवण कडू होतं. पथारीवरच्या साऱ्याच बायांना कुठे ना कुठे काहीतरी झालेलं असायचं. "मिरची लागनी व्हई," शेजारी बसणारी भागाबाई म्हणाली, आणि धुरपदाबाईने खोबरेल लावलं. खपली धरली. खपली पडली, थोडं रक्त आलं, पुन्हा खपली धरली. तिने चमकी काढून ठेवली. हळद झाली, चुना झाला, गावातल्या डॉक्टरचं मलम झालं. असं करता करता दोन मोसम गेले. ते दुखत नव्हतं हो! दुखलं असतं तर तिने गाव डोक्यावर घेतलं असतं. न दुखणाऱ्या खपलीसाठी धुळ्याची बस कोण पकडतं?

शिवाय घरी गिरधर होता.

गिरधर तिचा नवरा. बाजारात हमाली करायचा. मिरचीचं पोतं पाठीवर घेऊन तो ट्रकवर असा चढायचा की बघणाऱ्याला पोतं रिकामं वाटावं. एका सकाळी तो अंगणातच कोसळला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. एकच शब्द मागे राहिला, "हाव." हो म्हणायचं तरी हाव, नको म्हणायचं तरी हाव, तहान लागली तरी हाव. सुरावरून ओळखायचं. मुलगा हेमराज सुरतेला कारखान्यात, त्याला फोनवर काही कळायचं नाही. सून दिपमाला घरीच असायची, तिला निम्मं कळायचं. धुरपदाबाईला सगळं कळायचं.

वर्षभराने त्याचा उजवा हात थोडा उचलला जाऊ लागला आणि त्याच्या एका बोटात जरा धुगधुगी आली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सांगितलं, या बोटाला रोज काहीतरी बारीक काम द्या. धुरपदाबाईने काम दिलं. रोज सकाळी त्याला आंघोळ घातली की ती कुंकवाचा करंडा घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि कपाळ पुढे करायची. पहिल्या दिवशी कुंकू भुवईला लागलं, दुसऱ्या दिवशी गालाला, एकदा तर थेट डोळ्यात गेलं. तिने त्याला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाळ पुढे केलं. दिवाळीपर्यंत ते बोट थरथरत का होईना, नेमकं जागेवर यायला लागलं. अख्ख्या संसारात या माणसाने चारचौघांत तिला नावाने हाक मारली नव्हती, आणि आता दिवस उजाडला की आधी तो तिच्या कपाळाला शिवायचा. तिला याची लाज वाटायची आणि सुखही वाटायचं. मग ती लाज लपवायला पथारीवर जास्तच भांडायची.

शेवटी दिपमालानेच तिला ओढून धुळ्याला दवाखान्यात नेलं. तिथे खपलीचा तुकडा काढून तपासला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कातडीचा कॅन्सर आहे. जिवावर उठणारा नाही, पण ठेवला तर नाक कुरतडत कुरतडत डोळ्यापर्यंत जाईल. काढायचा तर नाकाची एक बाजू काढावी लागेल. तिथवर धुरपदाबाईने ऐकून घेतलं. मग डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. कपाळाच्या मधली कातडी खाली वळवून नवं नाक करून देऊ."

ती उठून उभी राहिली.

"कपाळले हात लावानं नही. तठे हेमराजना बापनं बोट येस."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. दिपमालाला उमगलं, पण सासूला बसमध्ये बसवण्यापलीकडे तिला काही करता आलं नाही. घरी आल्यावर तिने गिरधरच्या खाटेशी बसून त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या सकाळी धुरपदाबाईने रोजच्यासारखं कपाळ पुढे केलं, तर त्याने बोट करंड्यात बुडवलंच नाही. ते कोरडं बोट त्याने तिच्या नाकावरच्या जखमेजवळ नेलं आणि तिथेच धरून ठेवलं.

"हाव," तो म्हणाला.

ती म्हणाली, नही. तो म्हणाला, हाव. ती रडली, चिडली, तुले काय कयस म्हणाली. त्याने हात खाली घेतला नाही. थकून तो हात आपोआप पडला, तेव्हा ती हरली होती.

शस्त्रक्रिया झाली. आरशात बघितलं तेव्हा ती स्वतःच दचकली. कपाळापासून नाकापर्यंत कातडीची जाड वळकटी लोंबत होती. तीन आठवडे ती तशीच राहणार होती, कारण नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळणार होतं. नाकाने तिथे मूळ धरलं की वळकटी कापायची. "गणपती व्हई गऊ मी," ती भागाबाईला फोनवर म्हणाली, आणि फोन ठेवून उशीत तोंड खुपसून रडली.

दवाखान्यात प्रज्ञा नावाची एक तरुण डॉक्टर होती, धुळ्याचीच. अशा नव्या नाकांना स्पर्श कधी आणि कसा कळायला लागतो, यावर तिचं संशोधन चालू होतं. ती पेशंटला डोळे मिटायला सांगायची आणि नायलॉनचा बारीक दोरा नव्या नाकाला हळूच टेकवायची.

"मावशी, कुठे लागलं?"

"कपाळवर," धुरपदाबाई म्हणाली. डोळे उघडून बघते तर दोरा नाकावर! "अवं माय, हाई कसं?"

प्रज्ञा हसली. "कातडी नाकावर आली, पण तिच्या नसा अजून कपाळाकडूनच येतात. तिला वाटतं आपण अजून तिथेच आहोत."

धुरपदाबाईने घरी आल्या आल्या ही गोष्ट गिरधरला सांगितली. त्याने डोळे बारीक केले. दुसऱ्या दिवशी दिपमालाने त्याचा हात साबणाने चांगला धुऊन दिला. सकाळच्या उन्हात ते थरथरतं बोट आलं आणि नाकाच्या नव्या बाजूला पिसासारखं टेकलं. धुरपदाबाईने डोळे मिटले होते. बोट कपाळावर आलं, अगदी त्याच जागी, जिथे रोज यायचं. "लागनं," ती म्हणाली. "कपाळवर लागनं!" तो अर्ध्या तोंडाने खदखदून हसला. त्या दिवसापासून रोज सकाळी कुंकवाशिवायचं ते कुंकू लागत राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात तिला पट्टी बदलायला धुळ्याला जायचं होतं. पहाटेची बस होती. गिरधर गाढ झोपलेला. उठवावं का, असं तिच्या मनात आलं, पण रात्री तो खोकत होता, म्हणून तिने त्याला झोपू दिलं. आल्यावर लावेल, तिने विचार केला. ती धुळ्याच्या स्टँडवर उतरत होती तेव्हा दिपमालाचा फोन आला. तो झोपेतच गेला होता.

सगळं रीतीप्रमाणे झालं. बांगड्या फोडल्या, जोडवी काढली. मग कुंकू पुसायला भागाबाई पुढे झाली. तिचा हात वर गेला आणि अर्ध्यात थांबला. समोर पट्टी होती, आणि पट्टीखाली टाके. "काय पुसू वं माय?" असं म्हणून भागाबाईच मोठ्याने रडायला लागली. धुरपदाबाई रडली नाही. बाया आपसात कुजबुजल्या, हिचं काळीज दगडाचं शे. तिने ते ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. जी बाई कोणाचं अर्धं वाक्य ऐकून घेत नसे, तिने ऐकून सोडून दिलं. रोज सकाळी ती खाटेशी बसायची आणि स्वतःचंच बोट नाकाला लावायची. कपाळावर कोणीतरी यायचं.

वळकटी कापायचा दिवस आला तेव्हा तिने प्रज्ञाचा हात घट्ट धरला. "हाई कापू नका. सोंड ते सोंड, ऱ्हाऊ द्या."

प्रज्ञाला दिपमालाने सगळं सांगितलं होतं. ती खोटं बोलली नाही. "मावशी, ही अशी ठेवता येणार नाही. कापल्यावर नाक काही महिने बधिर होईल. पुढे स्पर्श येतो, पण तो कपाळावर लागेल की नाकावर, ते मी आज सांगू शकत नाही. तेच तर मी शोधते आहे."

धुरपदाबाईने त्यातलं एवढंच घरी आणलं की, पुढे स्पर्श येतो.

नाक छान झालं. टाक्यांची रेघ फिकट झाली, भागाबाई म्हणाली पहिल्यापेक्षा सरळ शे. धुरपदाबाई पुन्हा पथारीवर जाऊ लागली, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तोंडाला ओढणी गुंडाळून. मुकादमाशी भांडण मात्र पुन्हा झालं नाही. सकाळी ती नाकाला बोट लावायची. काही लागायचं नाही. तिला त्याचं फार वाटायचं नाही. येणार आहे, ती स्वतःला सांगायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती तपासणीला गेली. प्रज्ञाने डोळे मिटायला सांगितलं. धुरपदाबाईने मिटले, आणि सवयीने कपाळ जरा पुढे केलं.

दोरा टेकला. लागला. अगदी स्पष्ट लागला.

तिने कपाळ आणखी पुढे केलं. प्रज्ञाने पुन्हा टेकवला.

"मावशी, कुठे लागलं?"



"नाकवर," ती म्हणाली.

"अरे वा!" प्रज्ञाच्या तोंडून निघून गेलं. मग तिने मावशीच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोरा खाली ठेवला.

दगडाच्या काळजाची बाई भर दवाखान्यात हंबरडा फोडून रडत होती. बाहेरच्या बाकावरून दिपमाला धावत आत आली. धुरपदाबाईने दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं होतं.

"आते पुसाई गयं वं," ती म्हणत होती. "आज पुसाई गयं."