साडू बेटावर पाणी बघायला गेले

आमच्या साडूंइतकी पाण्याची धास्ती घेतलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. पुरात वाहून जायची वगैरे धास्ती त्यांना नाही, तेवढं पाणी आमच्याकडे येतंच कुठे. आपण नळ उघडावा आणि त्यातून नुसती हवा यावी, ही त्यांची धास्ती. ती झोपेतसुद्धा त्यांचा पिच्छा सोडत नाही. मेहुणीबाई सांगतात की हे झोपेत बरळतात तेही "मोटर बंद केली का?" एवढंच.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. करमाडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. शेती भावाकडे राहिली आणि हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यातलं स्टोअर सुटलं, पण त्यांनी ते उस्मानपुऱ्यातल्या राहत्या घरात पुन्हा मांडलं. त्या घरात शिरलं की आधी पिंपं भेटतात, मग माणसं. जिन्याखाली निळी पिंपं, पलंगाखाली पांढरे कॅन, देवघराला लागून स्टीलची टाकी, आणि खिडकीच्या कट्ट्यावर झाकण घट्ट लावलेल्या बाटल्यांची रांग. जो माल आधी आला तो आधी वापरायचा, हा स्टोअरचा नियम त्यांनी पाण्यालाही लावला. त्यामुळे आज नळाला ताजं पाणी आलेलं असलं तरी घरात मागच्या खेपेचंच प्यायचं, आणि ताजं पाणी शिळं झालं की त्याचा नंबर लागायचा. "लग्न झाल्यापासून ताजं पाणी मी फक्त माहेरी प्यायले," असं मेहुणीबाई पाहुण्यांदेखत म्हणतात. साडूंना त्यात आपली स्तुतीच ऐकू येते.

आमच्या शहरात नळाचा दिवस ठरलेला असतो. रोज पाणी येणं ही गोष्ट आम्ही इतर गावांबद्दल ऐकून आहोत. शहर एका अंगाने शेंद्र्याकडे आणि दुसऱ्या अंगाने बिडकीनकडे पसरत गेलं, शेतं होती तिथे प्लॉट पडले, प्लॉटवर इमारती उभ्या राहिल्या, आणि नळाचा दिवस मात्र लांबत लांबत आठवड्यावर गेला. साडूंचं पंचांग या एकाच दिवसावर चालतं. त्या दिवशी घर रिकामं ठेवायचं नाही, मग काही होवो. सख्ख्या मावसभावाच्या मुलाचं लग्न नेमकं नळाच्या दिवशी निघालं तेव्हा यांनी मेहुणीबाईंना एकटं पाठवलं आणि स्वतः उस्मानपुऱ्यात पाइप हातात धरून फोनवर मंगलाष्टकं ऐकली. अक्षता कुठे टाकल्या, असं मी विचारलं. "पिंपावर," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खरं सांगत होते.

हसायला सोपं आहे, मीही पुष्कळ हसलो आहे. पण एकदाच, कधीतरी चहा पिता पिता, त्यांनी मला आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली होती. तिला अशा गावात दिली होती जिथे उन्हाळाभर डोक्यावर हंडा घेऊन चालावं लागायचं. माहेरी आली की ती आईला भेटायच्या आधी न्हाणीघरात जायची आणि पोटभर अंघोळ करायची. बाहेर आली की मग आईच्या गळ्यात पडायची. साडू तेव्हा लहान होते. आमच्या भागात मुलगी देताना नोकरी, जमीन सगळं नंतर, आधी गावची विहीर बघतात, आणि जाणती माणसं ती भर उन्हाळ्यात बघतात. साडूंच्या वडिलांनी ती श्रावणात बघितली होती. एवढं सांगून ते उठले आणि टाकीचं झाकण नीट बसलंय का ते बघून आले.

त्यामुळे त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी लग्नाची झाली तेव्हा आम्ही सगळे मनातून हबकलोच होतो. साडू मुलाचं घर बघायला जायचे ते बोलावलेल्या दिवशी कधीच नाही, तर त्या भागातल्या नळाच्या आदल्या दिवशी, म्हणजे टाक्या तळाला गेलेल्या असताना. बायपासपलीकडच्या एका चांगल्या स्थळी तर पोहे खाता खाता हे "जरा येतो" म्हणून उठले ते थेट गच्चीवर. टाकीत फूटपट्टी घालून वाकलेले असताना वॉचमनने त्यांची कॉलर धरली. खाली मुलाचे वडील त्यांना भावी व्याही म्हणून ओळखायला तयार होईनात. ते स्थळ अर्थातच गेलं. साडूंना त्याचं काही नव्हतं. "टाकीत बोटभरबी नव्हतं," घरी आल्यावर ते समाधानाने म्हणाले.

आणि मग अश्विनीने स्वतःच मुलगा शोधला. ती औषधांच्या दुकानात काम करायची. शेंद्र्याच्या कारखान्यातला संकेत नावाचा एक इंजिनिअर एवढ्या लांबून तिच्याच दुकानात पाठदुखीचं मलम घ्यायला यायचा. एका पाठीला इतकं मलम लागत नाही हे तिच्या लक्षात आलं, पण तिने ते मनातच ठेवलं. पुढे संकेतचे वडील वारले आणि तो नोकरी सोडून घरी गेला. हे घर कोकणात, समुद्रातल्या एका बेटावर. किनाऱ्यावरून होडीने जायचं, पावसाळ्यात कधी तीही बंद. थोडी नारळाची वाडी, वडिलांची होडी, घरी आई. बेटावर औषधाचं एकही दुकान नाही, ते आपण काढायचं, असं अश्विनीने ठरवून टाकलं होतं. तिने हे घरात सांगितलं तेव्हा मेहुणीबाई रडल्या, एका काकांनी जात विचारली, दुसऱ्यांनी समुद्राचा विषय काढला. 

"बेट म्हंजी चहूकडून पाणी," साडू शेवटी म्हणाले. "त्यातलं प्यायचं किती?"

विहीर आहे, असं अश्विनी म्हणाली. साडू म्हणाले, मे महिन्यात बघतो.

त्या वर्षी आमच्याकडे पावसाने लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती, टँकरमागे माणसं धावत होती, आणि साडूंचा स्वभाव ऐन भरात होता. मे महिन्यातला शनिवार-रविवार ठरला. शनिवार नळाचा निघाला, म्हणून मेहुणीबाई घरी आणि साडूंच्या सोबतीला मी. निघायच्या आदल्या दिवशी अश्विनी माझ्याकडे आली. ती एकदा बेटावर जाऊन आली होती, घरी मात्र पुण्याला ट्रेनिंग आहे असं सांगितलं होतं.

"काका, बाबांना तेवढं कळू देऊ नका," ती म्हणाली. "लग्न तर मी करणारच. पण बाबा तोंड फिरवून बसले, तर माझ्याच्याने नाही व्हायचं."

माझा जीव तेव्हापासून जो टांगणीला लागला तो लागलाच. मुळात मी भित्रा माणूस, त्यात माझ्या पोटात ही गोष्ट आणि शेजारी साडू. साडूंच्या शेजारी पाण्याचा मोठा कॅन. हो, त्यांनी बेटावर जाताना उस्मानपुऱ्यातून पाणी घेतलं होतं. स्लीपर बसमध्ये तो कॅन आतल्या बाजूला, साडू कडेला, आणि झोपेतही त्यांचा हात कॅनवर. बस बदलली, जीप झाली, मग होडी आली. साडू जन्मात होडीत बसले नव्हते. भोवती नजर पोचेल तिथवर पाणी बघून त्यांनी कॅनला मिठी मारली. होडीवाल्याने हसून विचारलं, बेटावर पाणी नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?

"हाय असंबी कुणी खात्रीनं सांगितलं नाय," साडू म्हणाले.

संकेतच्या आईने ओटीवर सतरंजी घातली आणि तांब्या-भांडं पुढे केलं. साडूंनी पहिला घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, गिळला. "गोड हाय," ते म्हणाले, आणि माझ्या जिवात जीव आला. पण स्टोअरकीपर एवढ्यावर सही करतो होय? थोड्या वेळाने हात धुवायच्या निमित्ताने ते मागच्या अंगणात गेले, स्वतः पोहरा सोडला, ओंजळभर पाणी प्यायले आणि मला खुणेने माडांच्या मागे बोलावलं. विहिरीचं पाणी मचूळ आहे, ते म्हणाले. मग तांब्यातलं आलं कुठून? मला काय माहीत असणार. मग दिवसभर आमची फेरी चालली. संकेतने होडी दाखवली, वाडी दाखवली, दुकानासाठी झाडून ठेवलेली ओसरीवरची खोली दाखवली. साडू प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवत होते आणि प्रत्येक वेळी संकेतचा आवाज थोडा खाली येत होता. जेवताना नारळाच्या रसातली उसळ सुरेख होती, पण मी साडूंच्या ताटाकडेच बघत होतो. आता हा माणूस उठेल आणि "चला" म्हणेल, असं मला प्रत्येक घासाला वाटत होतं.

रविवारी सकाळी ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.  त्यांनी तिथे दोन वेगळ्या कळश्या बघितल्या होत्या आणि त्यांना त्याचा खुलासा हवा होता. संकेतच्या आईने काही लपवलं नाही. मे महिन्यात विहीर मचूळ होते, म्हणाल्या, पाऊस लागला की पुन्हा गोड. तेवढ्या दिवसांत पाहुण्यांपुरतं पाणी समोरच्या किनाऱ्यावरून होडीने आणतो, आम्ही विहिरीचंच पितो. बोलता बोलता त्या हसल्या आणि ज्या वाक्याला मी दोन दिवस घाबरत होतो ते त्यांच्या तोंडून सहज निघालं.

"अश्विनीने मात्र पाहुण्यांच्या कळशीला हात लावला नाही हो. गेल्या वर्षी मे महिन्यातच येणार म्हणून हट्ट धरून आलेली, आणि आल्या आल्या, अजून चपला पायात, तर विहिरीत डोकावली. म्हणाली, मला घरातलं द्या."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. पुण्याचं ट्रेनिंग त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. मी माडाकडे बघू लागलो. ती मे महिन्यात येऊन गेली हे मलाही ठाऊक नव्हतं, ते पोरीने माझ्यापासूनही लपवलं होतं. दारात उभा असलेला संकेत भिंतीचा पोपडा काढत राहिला. 

"आल्या आल्या डोकावली?" त्यांनी विचारलं.

"आल्या आल्या," संकेतच्या आई म्हणाल्या.

साडूंनी घरातल्या कळशीतलं पाणी मागितलं. पेला तोंडाला लावून ते मचूळ पाणी अगदी तळापर्यंत प्यायले, आणि तोंड जराही वाकडं केलं नाही. मग ओटीवर जाऊन आपला कॅन उचलून आणला आणि विहीणबाईंच्या पायाशी ठेवला. "हे राहू द्या. उस्मानपुऱ्याचं हाय," म्हणाले. त्या माउलीने त्या शिळ्या पाण्याच्या कॅनला हळदीकुंकू लावलं. मी आजवर पाहिलेल्या साखरपुड्यांत हाच मला सगळ्यात जास्त आवडला.

परतीच्या होडीत त्यांचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. बेट लहान होत गेलं. "मला वाटायचं, पोरीला सवय कशी व्हईल," ते म्हणाले. "तिला तर कवाच झाली. आता आपल्यालाच करावी लागंल, साडूभाऊ." मग त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. डोळे पुसायला समुद्राचं खारं वारं हे चांगलं निमित्त असतं, मीही तेच वापरलं.

लग्न झालं, नळाचा दिवस सोडून. अश्विनीने दुकान थाटलं. बेटावरची म्हातारी माणसं आता खोकल्याच्या औषधासाठी होडीची वाट बघत नाहीत. साडू रोज फोन करतात आणि विहीर कशी आहे हे विचारून फोन मेहुणीबाईंकडे देतात. मुलीशी त्याहून जास्त बोलणं त्यांना जमत नाही, तिला ते कळतं.

परवा नळाच्या दिवशी त्यांचा मला फोन आला, जरा या. आवाज असा होता की मी सदरा उलटा घालूनच धावलो. बघतो तर साडू घराच्या मध्यभागी उभे, हातात पाइप, आणि सगळ्या पिंपांची झाकणं उघडी. नळाला चांगली धार होती. पण पिंपं मागच्या खेपेच्या पाण्यानेच जवळजवळ भरलेली होती, टाकी भरलेली, बाटल्या भरलेल्या. दोघांना असं लागतं तरी किती, मेहुणीबाई आतून म्हणाल्या.

"पाणी येतंय, अन् भरायला काय रिकामंच नाय," साडू म्हणाले.

त्यांनी पिंपांवरून एकदा नजर फिरवली. मग पुढे झाले आणि चालू नळ त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला.