निघतं की निघत नाही

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. माइक बंद पडला तरी त्याचं अडत नसे. आवाज थेट शेवटच्या फलाटापर्यंत पोचायचा. पन्नाशी उलटली आणि तोच आवाज बसू लागला. तेव्हा त्याने नियंत्रण कक्षातल्या जागेसाठी अर्ज केला. तिथे तर्काची परीक्षा होती. शिकवायला घरातच कॉलेजात जाणारी लेक होती.

पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. सगळे ड्रायव्हर मासे आहेत. सगळे मासे पोहतात. म्हणून सगळे ड्रायव्हर पोहतात. निष्कर्ष निघतो का? भोंग्याने फुली मारली. त्याच्या ओळखीचे निम्मे ड्रायव्हर गुडघाभर पाण्यालाही घाबरत. लेक म्हणाली, खरंखोटं बाजूला ठेवा. पहिली दोन वाक्यं मानली तर तिसरं मानावंच लागतं का, एवढंच बघायचं. पुढचा प्रश्न: सगळ्या कंडक्टरांकडे शिट्टी असते, या माणसाकडे शिट्टी आहे, म्हणून तो कंडक्टर. भोंग्याने बरोबरची खूण केली. तेही चुकलं. शिट्टी पहारेकऱ्याकडेही असू शकते. धडधडीत खोटं ते बरोबर आणि पटतं ते चूक, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. या दोघांच्या नादात माझंच डोकं उठलंय, असं बायको आतून म्हणाली.

एका संध्याकाळी त्यानेच लेकीला प्रश्न घातला.

"घशात ती वाईट गाठ झालेल्या सगळ्यांचा आवाज बसतो. एका माणसाचा आवाज बसलाय. म्हणून त्याला ती गाठ आहे. निघतं?"

"नाही निघत. शिट्टीसारखंच आहे हे."

त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे त्याला गाठ नाही."

"तेही निघत नाही, बाबा."

"अगं, मग निघतं तरी काय?"

"यातून काहीच नाही. तपासून बघावं लागेल." बोलता बोलता ती थांबली. मोठे काका याच दुखण्याने गेले होते, आणि त्यांचाही आधी आवाजच गेला होता. "हा माणूस कोण, बाबा?"

भोंगा टोक असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक करत बसला.

दुसऱ्या दिवशी मायलेकींनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला, तपासण्या केल्या. ओरडून ओरडून येतात तशा साध्या गाठी आहेत, बोलणं बंद ठेवा, जिरतील, असं ते म्हणाले. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. भोंगा मात्र आणखीच गोंधळला. गाठ आहे, पण ती नाही. मग आपलं बरोबर होतं की लेकीचं? विचारायची सोय नव्हती. त्याने बोटाने हवेत प्रश्नचिन्ह काढलं. गाठ नाही असं मी म्हटलंच नव्हतं, असं लेक म्हणाली. त्यावर त्याने दोन प्रश्नचिन्हं काढली.

परीक्षा त्याने मौनातच दिली. पेपर कसा गेला, या प्रश्नावर त्याने नुसता हात हलवला. बायकोला वाटलं छान गेला, लेकीला वाटलं गेलाच. जागा मिळाली. कोणती उत्तरं समजून लिहिली आणि कोणती अंदाजाने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नाही.