मुर्रीच्या शिंप्याचा फळा

मुर्री गावच्या आमच्या शिंप्याचा गुरू म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक इंग्रज क्रिकेट-संपादक. "त्याच्या अंकात लॉर्डाचीबी चूक छापून ये, जी," हे तो मला दर मापाला ऐकवतो. धान कापल्यावर बांधीत, म्हणजे रिकाम्या धानशेतात, क्रिकेटचे सामने होतात आणि संध्याकाळी हा दुकानाबाहेरच्या फळ्यावर वृत्तांत लिहितो.

यंदा मुर्रीने शेजारच्या नागऱ्याला हरवलं. त्याने लिहिलं, "आपले कप्तान, सरपंच, शून्यावर धावबाद होते. पंच घाबरले, बाद दिलं नाही."

सरपंचांनी फळा पुसला. "कायले लिहून राहिला बे?"

"झालं तेच लिहून राहिलो."

त्याने पुन्हा लिहिलं आणि खडू त्यांच्यापुढे धरला. "खोटं असन त खाली लिहा."

अख्खं गाव बघत होतं. सरपंचांनी लिहिलं, "आऊट होतो."

"सही राहिली, जी," आमचा संपादक म्हणाला.